डावं कोणाचं?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

चोवीसपैकी एकोणीस! घशाच्या मागच्या भिंतीत, अगदी खाली, दोन स्नायूंच्या मध्ये एक कमकुवत जागा असते. उतारवयात तिथून भिंत बाहेर फुगते, पिशवी तयार होते, खाल्लेलं तिच्यात अडकतं आणि दुसऱ्या दिवशी तोंडात येतं. पुस्तकं म्हणतात, भिंत डावीकडे जास्त पातळ. माझ्या देहदानातल्या चोवीस घशांत एकोणीस वेळा उजवीकडे! तीन वर्षं सूक्ष्मदर्शकावर मान मोडून घेतली, त्याचं चीज झालं.

आईला फोन केला. "घशात काय एवढं बघायचं असतं गं? घास उतरला की झालं!"

गुरुवार, ६

विभागाच्या बैठकीत सगळं मांडलं. माझ्या मार्गदर्शक मॅडम चक्क हसल्या — तीन वर्षांत दुसऱ्यांदा. गळ्याचे सर्जन मागे बसले होते, त्यांनी बाहेर गाठलं. "माझ्याकडे एक शिक्षिका आहेत. पिशवी अगदी मधोमध आहे. अशा वेळी आम्ही सवयीने डावीकडून शिरतो. सोमवारी तुमचं ऐकून उजवीकडून जातो."

माझे पाय जमिनीवर नव्हते. आजवर मला विचारून कोणी भाजीसुद्धा आणली नव्हती!

शनिवार, ८

पंचविसावा घसा आला म्हणून सहज खाली विच्छेदनगृहात गेले. भिंतीचा तुकडा काढला की तिथले मदतनीस काका त्याच्या डाव्या कडेला निळी शाई लावतात. सूक्ष्मदर्शकाखाली मी त्या निळ्यावरूनच बाजू ओळखते. काका तीन वर्षांपूर्वी भांडारातून इथे बदलून आलेले. अतिशय नीटनेटका माणूस. देहाच्या पायांकडे, समोर उभे राहून त्यांनी शाई लावली — उजव्या कडेला.

"काका, ही डावी?"

"हो की! हा बघा माझा डावा हात."

"आणि यांचा डावा कुठला?"

त्यांनी देहाकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं आणि स्टुलावर बसले. "बाई, सगळेच असे केलेत मी."

म्हणजे एकोणीस घसे डावीकडेच पातळ. पुस्तकं बरोबर. काकांना काय बोलणार? त्यांना दिलेली चिठ्ठी माझ्याच हातची: 'डाव्या कडेला शाई लावा.' कोणाच्या डाव्या, हे लिहायला मला सुचलं नाही!

रविवार, ९

सर्जनांचा नंबर दोनदा काढला, दोनदा ठेवला. ते काय, एक्स-रेचे फोटो बघूनच ठरवतील. माझ्या एका भाषणावर कोण विसंबतं? — गुरुवारी मात्र विसंबले म्हणून मीच नाचत होते. आधी मॅडमना सांगायला हवं, हीच रीत. मॅडम उद्या भेटतील.

रीत कसली! लाज वाटते. बैठकीत टाळ्या वाजवणारी ती सगळी तोंडं डोळ्यांसमोर येतात. भित्री आहे मी, दुसरं काही नाही.

सोमवार, १०

मॅडम आल्याच नाहीत. ताप आहे म्हणे.

मंगळवार, ११

सर्जन जिन्यात भेटले. खुशीत होते. "गेलो बरं का उजवीकडून! पिशवी काढली. त्या बाजूने जरा अडचणीचं झालं, आवाजाची नस दुखावली, शिक्षिकाबाईंचा आवाज बसलाय. येईल हळूहळू, नाहीतर बघू."

आणि मी? मी म्हणाले, "अभिनंदन, सर."