एकदाच बुडवायचं

ओसाका, ७ एप्रिल २०२४

ती. आजीस दियाचा सा. न. वि. वि.

तुझ्या नियमाप्रमाणे मराठीतच लिहितेय. फक्त चुका लाल पेनाने दुरुस्त करून पत्र परत पाठवू नकोस, तशी सहा साठली आहेत.

हे शहर कसं आहे, विचारलंस. अवाढव्य आहे, पण टोकियोसारखं शिष्ट नाही. व्यापाऱ्यांचं, नद्यांचं, पुलांचं गाव. माणसं मोठ्याने हसतात, अनोळखी माणसाशीही गप्पा मारतात. इथे म्हणतात, क्योटोचा माणूस कपड्यांपायी भिकेला लागतो आणि ओसाकाचा खाण्यापायी. रस्त्यारस्त्यावर अप्पेपात्रं आहेत, शप्पथ! फक्त अप्प्यात ऑक्टोपसचा तुकडा. तव्यावर कोबीची जाडजूड धिरडी. आणि ज्याच्याशी मला लग्न करायचंय त्या केंजीच्या आईचं, हारुए-सानांचं, दुकान कुशिकात्सुचं. कमळकाकडी, भोपळा, कोळंबी काडीला टोचून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात. मग सगळ्यांच्या सामायिक भांड्यातल्या सॉसमध्ये बुडवायचं. एकदाच! दात लागला की पुन्हा नाही. बऱ्याच दुकानांनी आता सॉसच्या बाटल्या ठेवल्या आहेत, पण यांचं भांडं आणि भिंतीवरची ‘एकदाच बुडवा’ ही पाटी कायम आहे.

गेल्या आठवड्यात बाबा त्यांना भेटायला आले. अर्धी कोळंबी खाल्ली आणि उरलेली पुन्हा बुडवली. हारुए-सानांनी भांडं उचललं, सगळा सॉस ओतून टाकला आणि भरल्या दुकानात बाबांना झापलं. बाबा तडक उठले, दुसऱ्या दिवशी लीड्सला परत. म्हणतात, सर्जनची मुलगी तळणाच्या दुकानात द्यायची नाही. आजी, त्यांच्या होकाराशिवाय मला लग्न करायचं नाही, आणि केंजीला सोडणंही जमणार नाही. ऐकलंच तर ते तुझंच ऐकतील.

तुझ्या लोभाची हक्कदार,
दिया

लीड्स, १६ एप्रिल २०२४

चि. दियास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, दोन्ही वेळा पोट धरून हसले. मग ऊर भरून आला. पन्नास वर्षं या देशात उष्टं म्हणजे काय ते सांगून माझी जीभ झिजली. आणि तिकडे जगाच्या टोकाला एक बाई भांडंभर सॉस ओतून देते, पण गिऱ्हाइकापुढे उष्टं ठेवत नाही! अशी विहीण दिवा घेऊन शोधली असती तरी अपूर्वला मिळाली नसती. एवढ्यावर मी तुमच्या शहराला अप्प्यातला ऑक्टोपससुद्धा माफ केला.

अपूर्वने मला इतकंच सांगितलं की माणसं उद्धट आहेत. स्वतः काय केलं ते गाळलं. लबाड! फोन केला की ऑपरेशन आहे म्हणून ठेवून देतो. राहतो वीस मिनिटांवर, तरी त्याला पत्रच टाकते. पत्र मध्येच तोडता येत नाही.

लोभ आहेच, तो आता दोघांनी वाटून घ्या.
तुझी आजी,
मधुमती

लीड्स, १६ एप्रिल २०२४

चि. अपूर्व यास आशीर्वाद.

सॉसचं मी बोलत नाही. तिथे तू चुकलास आणि ते तुला ठाऊक आहे. तुझा राग वेगळाच आहे. काउंटरमागची बाई तुला बोलली, हे तुला झोंबलं.

मीही एकोणीस वर्षं काउंटरमागे होते. तुझ्याच शाळेत, दुपारचं जेवण वाढणाऱ्या डिनर लेडीची टोपी घालून. वाढायच्या दोन रांगा असायच्या. तू रोज माझी सोडून दुसऱ्या रांगेत उभा राहायचास, ती कितीही लांब असली तरी. मला दिसायचं. तुझ्यासाठी स्पंज केकचा मोठा तुकडा बाजूला ठेवायचे आणि शेवटी तो दुसऱ्याच कुणाला तरी द्यायचे. नऊ वर्षांचं पोर, वर्गातली मुलं चिडवत असतील, असं मनाला समजावलं. तुझ्या वडिलांनाही कधी सांगितलं नाही. पण वाईट वाटायचं रे.

त्या कामाचा मला अभिमान होता, आजही आहे. तीनशे मुलांना रोज गरम, स्वच्छ अन्न वाढलं, एकाचंही पोट बिघडलं नाही. आता तू चौपन्न वर्षांचा आहेस. या वयात पुन्हा दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहू नकोस.

बाकी क्षेम. रागावलास तर रागाव, लोभ मात्र कमी करू नकोस.
आई

ओसाका, १२ मे २०२४

ती. आईस सा. न. वि. वि.

मराठी लिहायची सवय गेली आहे, दिया शेजारी बसून मदत करतेय. तुझ्या पत्रानंतर दोन आठवडे फोन केला नाही. शेवटी रजा टाकली आणि इथे आलो.

काल हारुए-सानांच्या काउंटरवर बसलो. वाकून माफी मागितली. त्यांनी भांडं पुढे सरकवलं. मी एकदाच बुडवलं. जास्तीचा सॉस हवा असेल तर कोबीच्या पानाने घ्यायचा असतो, तेही त्यांनीच शिकवलं. कमळकाकडी फार छान असते, आई. लग्न ऑक्टोबरात ठरलं, तुला यायचंच आहे.

मग त्यांनी विचारलं, तुमची आई काय करायची? आजवर कुणी हे विचारलं की मी बाबांची बँकेतली नोकरी सांगून विषय बदलायचो. हॉस्पिटलमध्ये एवढ्या वर्षांत कुणाला ठाऊक नाही. मला लाज वाटायची, आणि आता त्या लाजेची लाज वाटते. काल भरल्या दुकानात मोठ्याने सांगितलं, माझी आई शाळेत रोज तीनशे मुलांना जेवण वाढायची. दियाने ते जपानीत सांगितलं. हारुए-सानांनी हातातला चिमटा खाली ठेवला, एप्रनला हात पुसले आणि कमरेत वाकून नमस्कार केला.

दिया म्हणते, तो नमस्कार तुला होता. म्हणून या पत्रातून तो पोचवतो आहे, त्याच्यामागे माझाही.

तुझा,
अपूर्व