तिसरी हाक

आबा, दिवाळीच्या शनिवारी आईला सिनेमाला नेलं. तुम्ही असता तर "शेळ्या कोन बगनार?" म्हणत मोडता घातला असतात, आणि घातला असतात तर बरं झालं असतं. लवळ्याच्या हॉस्टेलमधली माझी मैत्रीण आठवते? एकदा घरी आली होती आणि तुम्ही तिला आग्रह करकरून शेळीचं दूध पाजलं होतंत. तीच गाडी घेऊन दोन दिवस राहायला आली होती. बेत आम्हा दोघींचा होता. आईला जरा हिंडवायचं, खूश करायचं आणि पाडवा झाला की माझ्याबरोबर पुण्याच्या फ्लॅटवर घेऊन जायचं, कायमचं. तुमच्यामागं ती धरणाकाठी एकटी राहते. कधी पडली-झडली तर कुणाला कळायचंही नाही, या काळजीनं मला झोप लागत नाही. तिची पिशवी मी आधीच भरून ठेवली होती.

सिनेमा भुताचा. "तुमच्याच बाजूला शूटिंग झालंय," म्हणून मैत्रिणीनं मोठ्या हौसेनं निवडला. पाण्याकाठच्या त्या अर्धवट राहिलेल्या इमारती, मागे आपला डोंगर, पण संध्याकाळ खोटी, निळीशार. भूत ऊठसूट किंचाळायचं आणि लोक खदाखदा हसायचे. मैत्रीण तर मध्यंतराआधीच फोनमध्ये डोकं घालून बसली. आई तेवढी पदर तोंडाला लावून बघत होती. एका प्रसंगात पाण्यावरून हाक येते आणि नायिका पहिल्याच हाकेला "कौन है?" करत बाहेर धावते. आई सगळ्या थिएटरला ऐकू जाईल अशी ओरडली, "अगं बये, तिसरी तरी होऊ दे की!" लोकांना सिनेमापेक्षा तेच आवडलं. मीही हसले.

पण परतताना गाडीत मला सारखी ती जुनी संध्याकाळ आठवत होती. मी लहान आहे, ओट्यावर बसून करंज्या खातेय. बांधावरून तुमची हाक येते, मी लगेच "ओ" देते आणि पळत सुटते. तुम्हीच असता, खांद्यावर नुकतं जन्मलेलं करडू. तरीही तुम्ही माझ्यावर डोळे वटारता. "म्या हाय म्हनून बरं. दिवेलागणीला पान्याकडनं हाक आली की गप ऱ्हायाचं. जित्ता मानूस तिसऱ्यांदा हाक मारतोयच. दुसरं काय असंल तर ते दोन हाकांत थांबतंय." मग ते करडू माझ्या हातात देता. त्याचं अंग अजून ओलं असतं. नंतर किती तरी दिवस तुम्ही मुद्दाम दोन हाका मारून थांबायचात, मी फसते का ते बघायला. तिसरीला मी अशी काही धावायचे!

शनिवारी आम्ही घरी पोचलो ती नेमकी दिवेलागणीची वेळ. आई पणत्या लावायला आत गेली. मैत्रीण गाडीतून खाऊचे खोके काढत होती. मी शेळ्यांच्या वाडग्यापाशी उभी होते. आतल्या दोन्ही शेळ्या रवंथ करायच्या थांबल्या आणि माना वर करून धरणाकडे बघू लागल्या. मग पाण्याकडून हाक आली. "बायडेऽ!"

तुमचा आवाज मी विसरले असं मला वाटत होतं. नव्हते विसरले.

"अगं, तुला कुणीतरी बोलावतंय," मैत्रीण सहज म्हणाली. तिलाही ऐकू आलं होतं, आबा. पुन्हा हाक आली, पहिल्यापेक्षा जवळून. मग नुसतं पाणी काठाला लागल्याचा आवाज. मी वाट बघत राहिले. तिसरी आली नाही. मागे वळले तर आई उंबऱ्यात, हातात पेटती पणती. "दोनच झाल्या न्हवं?" तिनं विचारलं, दूधवाला येऊन गेला का विचारावं तसं. "रोज दोनच होत्यात. तू ओ दिली न्हाईस न्हवं?"

"नाही." मी मैत्रिणीकडे बोट केलं. "हीच देणार होती. मी तिच्या तोंडावर हात ठेवला."

"ब्येस केलंस." मग ती पणती ओट्यावर ठेवत म्हणाली, "म्हनून म्हंते, म्या न्हाई यायची. एकांद्या दिशी तिसरी आली आन् दाराला कुलूप असलं, मंग?" दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी रिकामी करून खुंटीला टांगली.

आबा, तुम्ही आईला जन्मात कधी नावानं हाक मारली नाहीत. वाडग्याचं कवाड उघडायला ती हवी असली तरी हाक माझ्याच नावानं. आम्ही सुरावरून ओळखायचो, कोणाला बोलावताय ते. शनिवारचा सूर तिला बोलावायचा होता. म्हणून हे लिहितेय. तिसरी मारू नका. ती ओ देईल, मागचापुढचा विचार न करता निघेल, आणि मग मला कोणीच उरणार नाही.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. हे पत्र कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायला हवं, आणि बांधावर उभं राहून "आबा" म्हणायची माझी हिंमत नाही. म्हणून हे माझ्याजवळच राहील. आईला सांगितलं ते मात्र खोटं होतं. मैत्रिणीचे दोन्ही हात खोक्यांत होते, ती ओ देणारच नव्हती. हाक माझी नाही हे कळूनही दुसऱ्या हाकेला माझ्याच तोंडातून ओ निघत होती. हात मी माझ्याच तोंडावर दाबून धरला होता.