तिनं मला विचारलं होतं

म्मा-तिरेलो,

हे पत्र तुमच्या हाती द्यायची हिंमत होणार नाही, तरी लिहितो. इंजिनाबद्दल तुमची लेक तिरेलो कुणाशी बोललीच नाही, असं अपघाताच्या अहवालात छापलंय. ते खोटं आहे. ती माऊनला विमान चालवायची; तिच्यासाठीच कॉलेज सोडून मी तिथल्या विमानतळावर मेकॅनिक झालो होतो.

“इंजिन खरखरतंय रे. फिल्टर बघितलास?” त्या सकाळी उड्डाणाआधी तिनं विचारलं.

आदल्या दिवशी लग्नात ती दुसऱ्याशी नाचली, म्हणून मी धुमसत होतो. फिल्टरला हातही लावला नव्हता.

“बघितला. जा, तुझा तो नाच्या वाट बघत असेल!”

“तू बघितलास ना, मग झालं, रुसूबाई,” म्हणत ती हसत विमानात चढली. अर्ध्या तासात विमान दलदलीत कोसळलं.

अहवाल आला त्या दिवशी माझ्या ताटात मांस वाढताना तुम्ही म्हणालात, “पोरीनंच हयगय केली रे.”

मी मान खाली घालून जेवलो.

तुम्ही ज्याला जावई म्हणता तो,
खुमो