शॉर्टमध्ये गाऱ्हाणे

॥ श्री ॥
पेडणे, ता. ६ फेब्रुवारी २०२५

चि. गौरेश यास सखारामकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

शेजारच्या शीतलच्या फोनवर आलेला तुझा निरोप तिने वाचून दाखविला. वास्कोतल्या नव्या घराचा गृहप्रवेश ठरला, आनंद वाटला. त्यापुढचे ऐकून मात्र अंगाचा तिळपापड झाला. ‘काका, बसचा त्रास नको. गाऱ्हाणं व्हॉइस नोट करा. शॉर्टमध्ये. एक मिनिट मॅक्स.’ वडील माणसास असे लिहितात? मी कारण विचारविले, तर अंगठ्याचे चित्र आले! चौथी इयत्ता शिकलेल्या मी आजवर कोणत्याही कागदावर अंगठा उठविला नाही. तू अभियंता होऊन काकास अंगठा दाखवितोस?

गाऱ्हाणे देवासमोर नारळ ठेवून, मंडळींच्या देखत घालावयाचे असते. ग्रामदेवतेपासून मूळपुरुषापर्यंत सर्वांस साद घालावी लागते, आणि प्रत्येक मागणीमागून मंडळींनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटल्याखेरीज ती पोचत नाही. मूळपुरुषास शॉर्टमध्ये कसे बोलवावे, हे मला ठाऊक नाही. तूच त्यास अंगठा पाठव. मी बोलणार नाही, येणारही नाही.

वहिनींच्या, म्हणजे तुझ्या आईच्या प्रकृतीचे कळव. पूर्ण वाक्यांत.

रागावलेला, तरी तुझाच,
सखारामकाका


॥ श्री ॥
वास्को, ता. ११ फेब्रुवारी २०२५

ती. काकांस सून गौरवीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून यांनी ते माझ्या हातात दिलं, म्हणून मीच लिहिते. ते सगळ्यांना तसंच लिहितात, काका. जेवायला काय करू विचारलं तर मलाही अंगठाच येतो!

अर्धांगाच्या झटक्यानंतर आईंची वाचा परत येत होती, पण शब्द फार सावकाश निघतो. जत्रेत कुणीतरी फोनवर घेतलेलं तुमचं गाऱ्हाणं यांनी त्यांना जनेलाशी वाऱ्याला बसवून ऐकवलं. आवाज ओळखून त्यांनी हात जोडले. त्यांचं ‘व्हय’ ओठांवर येईपर्यंत फोन पुढच्या मागणीवर गेलेला. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. शेवटी त्यांनी फोन पालथा घातला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हापासून त्या बोलायचा प्रयत्नच करत नाहीत. डॉक्टर म्हणतात, अशा गप्प राहिल्या तर आलेली वाचाही जाईल. छोटं असेल तर आईंना गाठता येईल, म्हणून यांनी ते शॉर्टमध्ये मागितलं.

पूजेला भटजी मिळतील. आईंसाठी थांबेल असं माणूस मिळत नाही. राग घेऊनच या, पण या.

माया पातळ होऊ देऊ नये.
आपली गौरवी


॥ श्री ॥
पेडणे, ता. १५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. गौरवीस आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचले. अक्षर गिचमीड आहे, परंतु वाक्ये शेवटापर्यंत गेली आहेत.

गौरेशवरचा राग उतरलेला नाही, वाढला आहे. आई मुकी होत चालली असता हे लिहिण्यास त्यास जागा पुरली नाही? मी गृहप्रवेशाच्या आदल्या दिवशी निघतो. बसस्थानकावर त्याने स्वतः उभे राहावे; ‘कुठे पोचलात’ असले निरोप शीतलला पाठवू नयेत.

वहिनींस देवासमोर पुढे बसवावे. कोणीही फोन उगारू नये. वहिनींच्या आधी कोणी ‘व्हय’ म्हटल्यास मी नारळ उचलून परत फिरेन. त्यांचा शब्द पुरा होईपर्यंत मी दुसरे वाक्य उच्चारणार नाही. जेवण निवेल, पाहुण्यांच्या बसगाड्या चुकतील, चुकोत.

घराचे मागणे नंतर. पहिले मागणे वहिनींच्या वाचेचे आहे, आणि त्यास होकार त्यांनीच द्यावयाचा आहे.

घरातील सर्वांवर कृपादृष्टी राहो.
सखारामकाका