खालची ओळ आईची

मळमड्डी, धारवाड
जुलै १९९६

तीर्थरूप अप्पा, आई आणि भूषणला विशाखाचा सविनय जयभीम.

मी मजेत आहे. घरमालकीण विमलाअक्का कधीमधी गरम भाकरी पाठवतात. आईचा गुडघा कसा आहे? विड्या वळायला ती अजून खालीच बसते का? पाट तरी घे म्हणावं.

विद्यापीठात सध्या आम्ही पहिल्यांदा शिकलेल्या बायकांवरची पुस्तकं वाचतोय. कुणी चुलीपुढं राखेत अक्षरं गिरवली, कुणी धान्याच्या कणगीत पुस्तक लपवलं. वाचताना मला आईच दिसत होती, विड्यांचं सूप बाजूला सारून साक्षरता वर्गाला निघालेली. मी ते वर्गात उभं राहून सांगितलं. आमच्या बाईंना फार आवडलं. मुलींनीही ऐकून घेतलं. नंतर डबा मी एकटीनंच खाल्ला, पण माझंच आवरायला उशीर झाला होता. काळजी करू नका.

शिकल्यावर त्या बायका संध्याकाळी कुणाशी बोलत होत्या, ते मात्र कुठल्याच पुस्तकात सापडत नाही.

अप्पा, तुम्ही माझं पत्र ओसरीवर मोठ्यानं वाचता, गल्ली ऐकते, मला बरं वाटतं. पण आज इथंच थांबा. आईला आता काना, वेलांटी येते असं भूषणनं कळवलंय. खाली तिच्यापुरती एक ओळ मोठ्या अक्षरात लिहिली आहे. ती तिची तिला वाचू द्या. कितीही वेळ लागला तरी तुम्ही सांगू नका.

तुमची लेक,
विशाखा

आई,
मला करमत नाही.