माप एक वर्षाचं

ता. ९ ऑगस्ट

धाकटे,

अनेक आशीर्वाद. हात सवयीने लिहून गेला, राहू दे. मी बरी आहे. तूही असशील.

पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी आलं असतं तर तुझ्याआधी त्याने फोडलं असतं. इथून निघतानाही तुरुंगातल्या एक बाई पत्रं वाचतात. वाचू देत.

मला शिवणखात्यात घेतलंय. कारखान्यातल्या मुकादमाच्या डोक्यात इस्त्री घालणारी म्हणून इथल्या सगळ्या वचकून असतात. इस्त्री थंड होती, हे मी कोर्टातही सांगितलं. उपयोग झाला नाही. इथे मला सुई देतात, मशीन देतात. इस्त्री देत नाहीत.

परवा आई भेटीला आली होती. माझ्यासमोर तुझं नाव काढायचं नाही असं तिने ठरवलंय. जाता जाता म्हणाली, "पाचवा महिना लागलाय तिला," आणि जीभ चावली.

म्हणून लिहायला बसले. एरवी लिहिलं नसतं.

आत येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्या आठवड्यात रक्त तपासायचं का, असं विचारतात. नाही म्हणता येतं. मी म्हणणारच होते.

"मावशी, फुकट आहे, घ्या की करून," नर्स म्हणाली.

"फुकट तर तुरुंगही आहे," मी म्हटलं, आणि बाही वर केली.

उपदंश निघाला. जुनी माणसं गरमी म्हणायची. मला ना दुखत होतं, ना खुपत. तो असाच गप्प राहतो म्हणे, वर्षानुवर्षं. आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं कमरेत घेतली. प्रत्येक वेळी दोन दिवस उभ्यानेच जेवले. आता ते संपलं.

माझ्या आयुष्यात पुरुष एकच आला. तो आता तुझ्या घरी राहतो.

नर्स म्हणाली, तुमचं नाव न सांगता निरोप पाठवता येईल. नको म्हटलं. बिननावाचा कागद तू न वाचता टाकतेस. माझं अक्षर बघून रागाने का होईना, फोडशील.

तर ऐक. हा रोग आईकडून पोटातल्या बाळाला जातो. मूल मेलेलं जन्मू शकतं. वेळेत इंजेक्शनं घेतली तर आई बरी होते, बाळही वाचतं. तुझी वेळ गेलेली नाही. उद्याच दवाखान्यात जा आणि रोगाचं नाव सांगून तपासणी माग. लाजू नकोस. तिथे हे रोजचंच असतं. एकटी जा. मग त्यालाही पाठव. त्याचे उपचार होईपर्यंत त्याला जवळ येऊ देऊ नकोस.

तो म्हणेल, तुरुंगात बसून जळफळतेय. जळफळतेच आहे. पण रक्त तुझं तपासायचंय, माझं नाही.

(पत्र वाचणाऱ्या बाई, तुम्हीही एकदा करून घ्या.)

खात्यात उरलेल्या कापडातून झबलं बेतलंय. शेजारची म्हणाली, "अगं, जन्मल्या जन्मल्या एवढं मोठं कुणाला होणार?" माप एक वर्षाच्या बाळाचं धरलंय. शिवणीत वाढवायला जागाही ठेवलीय.

तुला माफ केलं असं समजू नकोस. पण वर लिहिलेला आशीर्वाद मी खोडलेला नाही.

ताई