ब्रेकबद्दलचे चार अर्ज

तीर्थस्वरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. (रागात आहे, तरी नमस्कार पुरता घातला आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे सर्व क्षेम, म्हणजे तुमची धाकटी बहीण चार दिवसांपूर्वी मला सोडून तुमच्याकडे निघून आली, तेवढं वगळून. तिने तुम्हाला तिचीच बाजू सांगितली असणार, म्हणून माझी कळवतो.

वीस वर्षं मी कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. लोकांना धोक्याच्या खुणा ओळखायला मी शिकवतो, आणि माझ्याच गाडीत बसून हिने मला शिकवायचं म्हणजे हद्द झाली. आधी म्हणे, ब्रेक दाबला की चाक किंचाळतं. म्हटलं, धूळ असेल (आणि रेडिओ मोठा केला). मग म्हणे, तुमचा पाय पार खाली जातोय. अहो, बूट नवे होते माझे. मग म्हणे, ब्रेक लावला की गाडी एका बाजूला ओढते. रस्ताच तिरका, त्याला मी काय करणार? शेवटी स्टिअरिंगमागे ब्रेकचा लाल दिवा लागला, तो डोळ्यांत खुपायला लागला म्हणून मी त्यावर चिकटपट्टी लावली. तरी हिचं तेच. तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, आमच्याकडे तोंडी तक्रार चालत नाही, लेखी दे. तर हिने कारखान्याचे छापील अर्ज चार वेळा भरून दिले! मीही प्रत्येकावर नियमाप्रमाणे ‘निरीक्षण चालू आहे’ असा शेरा मारला. माणसाने याहून काय करायचं?

सोमवारी तिला घेऊन कारखान्याच्या फाटकाशी वळलो, ब्रेक दाबला, तर लोखंड घासल्यासारखी खरखर झाली आणि गाडी आपल्या मर्जीने पुढे गेली. ‘वेग कमी करा’ हा फलक आडवा झाला. (तो मीच लावून घेतला होता.) पहारेकरी तोंड फिरवून हसला. तुमची बहीण मात्र गाडीतून उतरली, पिशवी घेतली आणि समोरची बस पकडली. निदान भांडायचं तरी. वडीलकीच्या नात्याने तुम्ही तिला चार शब्द सुनवावेत.

तुमचा अपमानित मेहुणा

ता. क. मेकॅनिकने चाक खोललं. ब्रेकचे पॅड झिजून संपले होते. “साहेब, गाडी इतके दिवस ओरडत होती, ऐकू नाही आलं?” असं त्याने चारचौघांत विचारलं. नवे पॅड बसवले आहेत.

आणखी ता. क. गाडी पुसताना तिच्या बाजूची पायाखालची चटई उचलली. टाचेच्या जागी भोक पडलंय. तिकडे ब्रेक नाही, तरी इतकी वर्षं ती माझ्याबरोबर दाबत होती. मेकॅनिक नवी चटई टाकतो म्हणाला, मी नको म्हटलं. ते चार शब्द सुनवायचं राहू द्या. घरात फार शांत वाटतं, मला ते सोसत नाही. सोबत एक कोरा अर्ज जोडला आहे. परत यायच्या अटी तिने त्यात लिहाव्यात. शेरा आधीच मारून ठेवलाय: मंजूर.